तीन गळे, चोवीस ट्रॅक: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला व्हिडिओ का लागला

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचा व्हिडिओ हा जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ, असं कुणी ना कुणी अधूनमधून ठासून सांगत असतं. ते खरं नाही. बीटल्सनी १९६६ मध्येच लंडनच्या चिझिक हाउसच्या बागेत आपल्या गाण्यांच्या छोट्या फिल्म करून घेतल्या होत्या. देशोदेशीच्या टीव्ही कार्यक्रमांना स्वतः हजेरी लावण्यापेक्षा फिल्मचं रीळ पाठवणं सोपं, हा त्यामागचा सरळ हिशेब. त्यांच्याखेरीज इतरांनीही असे उद्योग केले होते.

मग क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७५ च्या व्हिडिओचं एवढं कौतुक कशासाठी? माझं मत असं आहे की आधीच्या बहुतेक फिल्म म्हणजे गाण्याची जाहिरात होती. फिल्म नसती तरी बँड ते गाणं कुठेही उभं राहून वाजवू शकला असता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मात्र चार माणसांना अख्खं वाजवून दाखवता येण्यासारखं नव्हतंच. ते स्टुडिओत, टेपवर, थरावर थर चढवून रचलेलं होतं. ते टीव्हीवर दाखवायचं म्हटलं तर व्हिडिओशिवाय धड मार्ग नव्हता. हे पटायला गाणं कसं बनलं ते पाहावं लागतं. त्यात थोडं तंत्र येतं, पण गणित तिसरीच्या पुढचं नाही.

आधी सिंगल म्हणजे काय ते

आज ‘सिंगल’ म्हणजे अल्बमच्या आधी किंवा अल्बमविना ऑनलाइन सोडलेलं एक गाणं. १९७५ मध्ये ती हातात धरायची वस्तू होती: सात इंच व्यासाची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी. एका बाजूला जे गाणं खपवायचं ते, म्हणजे ए साइड; मागे दुसरं एखादं, ती बी साइड.

या तबकडीला लांब गाणं मानवत नाही. ध्वनी खोबणीच्या नागमोडी वळणांत साठवलेला असतो. आवाज मोठा हवा, त्यात खर्ज भरपूर हवा, तर वळणं रुंद लागतात आणि दोन खोबण्यांमध्ये अंतरही जास्त लागतं. गाणं लांबलं की खोबण्या दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि आवाज दबतो. शिवाय रेडिओवाल्यांना तीन-साडेतीन मिनिटांची गाणी हवी असायची, कारण मधे जाहिराती आणि निवेदकाची बडबड बसवायची असे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ होतं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. क्वीनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीतल्या लोकांना ते सिंगल म्हणून पसंत नव्हतं, यात नवल नाही. (क्वीनवरच्या २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ याच नावाच्या चित्रपटात गाणं धुडकावून लावणारा रे फॉस्टर नावाचा साहेब दाखवला आहे, ते पात्र मात्र काल्पनिक आहे.)

कोंडी फुटली ती केनी एव्हरेटमुळे. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा हा वात्रट निवेदक म्हणजे क्वीनचा गायक आणि या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी याचा मित्र. त्याच्या हाती गाण्याची टेप पडली, ‘वाजवू नकोस हं’ अशी ताकीदही मिळाली, आणि ती ताकीद कशी घ्यायची हे त्याला बरोबर कळलं. दोन दिवसांत त्याने गाणं चौदा वेळा वाजवलं, असं सांगतात. लोक दुकानांत जाऊन मागू लागले, पण तबकडी अजून बाजारात आलीच नव्हती. ३१ ऑक्टोबर १९७५ ला ती आली, एका सेकंदाचीही काटछाट न होता.

बी साइडची गंमत वेगळीच. तिथे ड्रमर रॉजर टेलरने लिहिलेलं, स्वतःच्या मोटारीवरच्या प्रेमाचं गाणं होतं. तबकडी विकली जाते ती एक वस्तू म्हणून. घेणाऱ्याने मागची बाजू आयुष्यात एकदाही लावली नाही, तरी विक्रीच्या रॉयल्टीत दोन्ही बाजूंच्या गीतकारांचा वाटा सारखाच. म्हणजे मर्क्युरीच्या गाण्यावर तबकडी लाखांनी खपली आणि टेलरच्या मोटारीलाही तेवढेच पैसे मिळाले. यावरून बँडमध्ये पुढे बरीच धुसफुस झाली. ती मला अगदी समजण्यासारखी वाटते.

गाण्याचा सांगाडा

आपल्या कानांना मुखडा-अंतरा-मुखडा या फेऱ्याची सवय आहे. पाश्चात्त्य पॉप गाण्यातही कडवं आणि धृपद आलटून पालटून येतं. या गाण्यात परत फिरून यायला धृपदच नाही. सुरुवातीला वाद्यांविना किंवा जेमतेम पियानोवर आवाजांचा एक समूह, मग पियानोवरचं संथ, दुःखी गाणं, मग ब्रायन मेचा गिटारचा तुकडा, मग तीन मिनिटांच्या सुमारास अचानक ऑपेरा (पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या थाटाचं गाणं), चार मिनिटांनंतर दणदणीत हार्ड रॉक, आणि शेवटी सगळं निवळून पुन्हा पियानो. एकाच गाण्यात निदान तीन वेगळ्या जातींचं संगीत.

निर्माता रॉय थॉमस बेकर एक आठवण नेहमी सांगायचा. मर्क्युरीने घरी पियानोवर त्याला संथ भाग वाजवून दाखवला, मधेच थांबला आणि म्हणाला, इथे ऑपेरा येणार. मग दोघे जेवायला गेले. मर्क्युरीच्या डोक्यात पुढचं सगळं होतं, पण ते नीट नोटेशनमध्ये उतरवलेलं नव्हतं. कागदावर असायची ती स्वरांची इंग्रजी अक्षरं, ठिकठिकाणी गठ्ठ्याने लिहिलेली. २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात या गाण्याचे कच्चे कागद बाहेर आले. ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीच्या कागदांवर खरडलेल्या त्या मसुद्यात एका जागी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असं लिहून खोडलेलं आहे. कागद सुमारे १३ लाख ८० हजार पौंडांना गेले.

ऑपेराच्या भागात स्कारामूश, गॅलिलिओ, फिगारो, बिस्मिल्ला, बीलझेबब अशी नावं-शब्द एकमेकांवर आदळत येतात. स्कारामूश म्हणजे जुन्या इटालियन लोकनाट्यातला बढाईखोर भित्रा विदूषक. फिगारो हा ऑपेरांतला प्रसिद्ध न्हावी. बीलझेबब हे बायबलमधलं सैतानाचं नाव. गॅलिलिओ आपल्या ओळखीचा. ब्रायन मे तेव्हा खगोलशास्त्रातली पीएचडी अर्धवट सोडून गिटार वाजवत होता (ती त्याने २००७ मध्ये पुरी केली), हा योगायोग की चेष्टा, देव जाणे. या सगळ्याचा अर्थ मर्क्युरीने कधीच उलगडून सांगितला नाही. इंटरनेटवर त्याचे अर्थ पोत्यांनी मिळतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. हा खरा ऑपेरा नव्हे, ऑपेराची नक्कल आहे आणि तिच्यात थट्टा भरपूर आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

सा, ग, प: तिन्ही एकाच वेळी

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे दहा जण मिळून गातात तेव्हा बहुतेक वेळा दहाही जण एकच चाल, एकच स्वर गातात. आरती घ्या, भजन घ्या, शाळेतलं समूहगीत घ्या. हार्मनीत तसं नसतं. त्याच क्षणी एक जण सा लावतो, दुसरा ग, तिसरा प. आणि तीन स्वर मिळून कानाला एकच भरीव नाद ऐकू येतो. प्रत्येकाने स्वतःच्या स्वरावर ठाम राहायचं, शेजाऱ्याच्या स्वरावर घसरायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण आपण करून पाहिलं की पहिल्या ओळीतच सगळे एका सुरात येतात.

फ्रेडी मर्क्युरी हे शिकला कुठे, याचं उत्तर बऱ्याच अंशी आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारमधल्या पारशी कुटुंबातला. घराण्याचं मूळ गुजरातेतल्या वलसाडकडचं. आठ वर्षांच्या या मुलाला आईवडिलांनी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडलं. १९५५ पासून शाळकरी वर्षं त्याने तिथल्या वसतिगृहात काढली. पियानोचे धडे, त्याच्या ठरावीक परीक्षा, शाळेच्या गायनवृंदात गाणं, आणि १९५८ मध्ये वर्गमित्रांबरोबर काढलेला ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड हे सगळं पाचगणीत झालं. ‘फ्रेडी’ हे नावही त्याला तिथेच चिकटलं. या बँडमध्ये तो पियानोवर असायचा, मुख्य गायक दुसराच होता. पुढे झांझिबारमध्ये १९६४ च्या क्रांतीत रक्तपात झाला आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. त्याच्या गाण्यात रागदारी शोधणारे लेख मी वाचले आहेत, मला त्यात फारसा दम वाटत नाही. पाचगणीने त्याला दिलं ते मिशनरी वळणाच्या शाळेतलं वृंदगान आणि पियानोची शिस्त. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला नेमकी तीच लागली.

क्वीनमध्ये गळे तीन: मर्क्युरी, मे आणि टेलर. मर्क्युरीचा आवाज मधल्या पट्टीत दमदार, मेचा खाली भरीव, आणि टेलरचा इतका उंच जाणारा की ऑपेराच्या अगदी शेवटी सगळ्यांच्या वर चिरत जाणारा जो स्वर ऐकू येतो, तो बाईचा नाही, या ड्रमरचा आहे. चौथा गडी जॉन डीकन बास गिटार वाजवायचा, रेकॉर्डवर गायचा नाही.

तीन गळ्यांतून ऑपेरातला पन्नास-शंभर जणांचा कोरस काढायचा कसा? उत्तर आहे ओव्हरडब: आधी मुद्रित केलेलं कानावर ऐकत त्यावर नवं गायचं. तिघांनी मिळून सा गायचा. टेप मागे नेऊन तिघांनी ग गायचा. पुन्हा मागे नेऊन प. झाले नऊ आवाज. तेच पुन्हा एकदा केलं की अठरा. तिसऱ्यांदा केलं की सत्तावीस. आणि हे एका स्वरसंगतीचं झालं; ऑपेराच्या भागात ती शब्दागणिक बदलते.

इथे टेपची मर्यादा आडवी येते. त्या वेळच्या उत्तम स्टुडिओत २४ ट्रॅकचं यंत्र असायचं. दोन इंच रुंद टेप, तिच्यावर शेजारीशेजारी चोवीस समांतर पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक वेगळा ध्वनी. ड्रमच्या वेगवेगळ्या भागांना काही पट्ट्या, बासला, पियानोला, गिटारला काही, उरलेल्यांत गळे. नऊ-नऊ करत गेलं तर उरलेल्या पट्ट्या दोन शब्दांतच संपतील.

यावरचा तोडगा म्हणजे बाउन्स. नऊ पट्ट्यांवरचे आवाज नीट तोलून, कोण मोठा कोण बारीक ते ठरवून, एकत्र दोन पट्ट्यांवर उतरवायचे: एक डावीकडची, एक उजवीकडची. मग ते नऊ ट्रॅक पुन्हा मोकळे. त्यांवर पुढचे नऊ गा, तेही उतरवा. असं करत जायचं. पण यात दोन धोंडे असतात. एक, उतरवल्यावर मागे फिरता येत नाही. नवातला एक आवाज बेसूर होता हे उद्या लक्षात आलं तर सगळंच पुन्हा. दुसरा, प्रत्येक उतरवणीत टेपची स्वतःची सूंऽ अशी खरखर मिसळते आणि मूळ आवाजाची धार बोथटते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं जशी फुटत जातात, तसंच हे. या गाण्याच्या काही भागांत टेप आठव्या पिढीपर्यंत गेली असं सांगितलं जातं, आणि गायलेल्या थरांचा आकडा १८० च्या घरात. तरीही शब्द स्वच्छ ऐकू येतात, याचं श्रेय बेकर आणि इंजिनिअर माइक स्टोन यांच्या कानांना.

टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर. साध्या शब्दांत, चिकटवलेला गंज. या गंजाच्या कणांचं चुंबकत्व बदलून ध्वनी लिहिला जातो. फीत यंत्राच्या मुद्रणशीर्षावरून घासत जाते, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडा गंज झिजतो. एका गाण्यासाठी टेप किती वेळा पुढेमागे जावी याला काही सुमार असतो, आणि तो सुमार इथे पार ओलांडला गेला. एक दिवस टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसत होतं, असं ब्रायन मेने सांगितलं आहे. गाणं हातात असतानाच खिरून जायच्या बेतात होतं. घाईघाईने प्रत काढून काम पुढे नेलं.

मुद्रणाची सुरुवात ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत झाली. पियानो, बास आणि ड्रम आधी वाजवून घेतले आणि ऑपेराच्या जागी नुसती मोकळी टेप सोडली. पुढे लंडनच्या वेगवेगळ्या स्टुडिओंत ती भरत गेली. नुसत्या ऑपेरालाच तीनेक आठवडे लागले, दिवसाला दहा-बारा तास गाऊन. मर्क्युरी रोज येऊन म्हणे, इथे अजून थोडे गॅलिलिओ घालू या. आणि मोकळ्या सोडलेल्या टेपला आणखी तुकडा जोडला जाई.

मेच्या गिटारवरही हाच प्रयोग झाला आहे, फक्त त्याची चर्चा कमी होते. त्याची गिटार त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली, जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची. ती तो तारा छेडायच्या नेहमीच्या पत्तीऐवजी (‘पिक’) सहा पेनीच्या नाण्याने छेडतो. आणि जॉन डीकनने कुणीतरी टाकून दिलेल्या सर्किट बोर्डापासून एक छोटा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, बनवला होता, त्यातून ही गिटार व्हायोलिनसारखी किंवा तुतारीसारखी बोलायची. गाण्याच्या अखेरीस मागे जो वाद्यवृंद वाटतो, ती गिटारच आहे.

टीव्हीवर दाखवायचं काय?

तबकडी खपू लागली आणि प्रश्न उभा राहिला. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा साप्ताहिक कार्यक्रम तेव्हा ब्रिटनमध्ये घरोघरी बघितला जायचा. गाणं खपाच्या यादीत वर चढलं की कलाकाराने स्टुडिओत यायचं आणि वाजवल्याचा अभिनय करायचा. साध्या गाण्याला ते खपून जातं. इथे अडचण दुहेरी होती. १४ नोव्हेंबरपासून लिव्हरपूलहून क्वीनचा दौरा सुरू होणार होता, म्हणजे हजर राहणं अवघड. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की चार माणसं माइकपुढे उभी आहेत आणि त्यांच्या तोंडून शंभर जणांचा कोरस निघतो आहे, हे दृश्य हास्यास्पद दिसलं असतं. बँडला हे कळत होतं.

म्हणून १० नोव्हेंबर १९७५ ला, दौऱ्याच्या तालमी चालू असताना, एल्स्ट्री स्टुडिओत दिग्दर्शक ब्रूस गावर्सने व्हिडिओ चित्रित केला. चित्रीकरण चारेक तासांत आटोपलं. खर्च साधारण ४,५०० पौंड. फिल्मवर नव्हे, व्हिडिओटेपवर. टीव्हीच्या बाह्य प्रक्षेपणाची गाडी आणून. फिल्म धुवायला द्यावी लागते, व्हिडिओ तिथल्या तिथे दिसतो आणि सरळ प्रक्षेपणाला जातो. दहा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, तो ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये झळकला.

व्हिडिओ सुरू होतो तो काळ्या अंधारात चौकटीसारख्या मांडलेल्या चार चेहऱ्यांनी, वरून पडलेल्या उजेडात. ही रचना आयती होती: छायाचित्रकार मिक रॉकने १९७४ च्या ‘क्वीन २’ अल्बमच्या वेष्टनासाठी काढलेला फोटो, आणि तोही मुळात नटी मार्लीन डीट्रिखच्या १९३२ च्या एका छायाचित्रावर बेतलेला. पियानोच्या संथ भागात आणि हार्ड रॉकमध्ये बँड स्टेजवर वाजवताना दिसतो; तिथे चार माणसं वाजवू शकतात असंच संगीत आहे. ऑपेरा लागला की स्टेज गायब, पुन्हा तेच चार चेहरे. गावर्सने हा सांधा अचूक धरला होता. जे संगीत वाजवता येतं तिथे वाजवणारे दाखवले. जे फक्त टेपवर अस्तित्वात आहे, तिथे फक्त चेहरे.

मग ते चेहरे तो वाढवत नेतो. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पैलू पाडलेली काच लावली की एका चेहऱ्याचे अनेक होतात, मधमाशीच्या डोळ्यातून बघितल्यासारखे. दुसरी युक्ती जास्त मजेची आहे. सभेत माइक चुकून स्पीकरसमोर नेला की काय होतं? स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तो पुन्हा स्पीकरमध्ये, आणि कर्कश शिट्टी. हाच फीडबॅक चित्राचाही होतो. कॅमेरा आपलंच चित्र दाखवणाऱ्या मॉनिटरकडे वळवला की मॉनिटरमध्ये मॉनिटर, त्यात आणखी मॉनिटर, अशी रांग लागते. व्हिडिओत मर्क्युरीचा चेहरा ओळीने मागे मागे उमटत जातो तो असा. हे सगळं चित्रीकरणाच्या वेळीच, कॅमेऱ्यापुढे साधलेलं आहे. टेपवर तीन गळ्यांचा जमाव केला, आणि पडद्यावर चार चेहऱ्यांचा. दोन्हीकडे युक्ती एकच: जे आहे त्याच्याच प्रती काढून एकावर एक ठेवायच्या.

बारकाईने बघितलं तर व्हिडिओ लबाडीही करतो. गाण्याच्या प्रारंभीचे सगळे आवाज एकट्या मर्क्युरीचे आहेत, पण पडद्यावर चौघांचे ओठ हलतात. ऑपेरात जॉन डीकनही तोंड हलवतो, जो गायलेलाच नाही. मला हे खटकत नाही. शंभर जणांचा कोरस तिघांनी गायला हे चालतं, तर चौथ्याच्या ओठांचा हिशेब कशाला मागायचा?

पुढे

२९ नोव्हेंबर १९७५ ला गाणं ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं आणि सलग नऊ आठवडे तिथे राहिलं. बीबीसीला दर आठवड्याला तोच व्हिडिओ लावावा लागला. बँड दौऱ्यावर असताना टीव्हीवरही हजर, आणि तेही ४,५०० पौंडांत, हा हिशेब इतर रेकॉर्ड कंपन्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला नाही. सिंगलबरोबर व्हिडिओ काढणं हा रिवाज पडत गेला. अमेरिकेत एमटीव्ही हे म्युझिक व्हिडिओ दाखवणारं चॅनेल सुरू झालं ते १ ऑगस्ट १९८१ ला, तेव्हा दाखवायला ब्रिटिश बँडांकडे व्हिडिओ तयार होते. पहिल्या क्रमांकावरून गाण्याला खाली खेचलं ते आबा (ABBA) या स्वीडिश बँडच्या ‘मम्मा मिया’ने. हे दोन शब्द ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या ऑपेरातही आहेत.

२४ नोव्हेंबर १९९१ ला एड्सशी संबंधित न्यूमोनियाने मर्क्युरी गेला. सिंगल पुन्हा काढलं आणि ते पुन्हा पाच आठवडे पहिलं. त्याची कमाई एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेली. १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर अडकलेलं गाणं १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटातल्या मोटारीतल्या प्रसंगामुळे दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. २०१९ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओने एक अब्जाचा आकडा गाठला. १९९० च्या आधीच्या व्हिडिओंत पहिलाच.

राहिला स्टेजचा प्रश्न. दौऱ्यांत लोक हे गाणं मागणारच. आधी क्वीनने त्याचे तुकडे करून इतर गाण्यांत गुंफून पाहिले. १९७७ पासून सरळ मार्ग घेतला: संथ भाग वाजवायचा, ऑपेरा लागला की चौघांनी स्टेजवरून आत जायचं, लोकांनी दिव्यांचा खेळ बघत टेप ऐकायची, आणि हार्ड रॉकच्या पहिल्या ठोक्याला चौघांनी परत यायचं. मेने आणि इतरांनी यावर कधी आडपडदा ठेवला नाही. स्टेजवर बसून ओठ हलवण्यापेक्षा हे कितीतरी सरळ.

१३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये लाइव्ह एड हा दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीचा मोठा जलसा झाला. समोर ७२ हजार माणसं, टीव्हीवर जग, आणि क्वीनच्या वाट्याला वीस-एकवीस मिनिटं. मर्क्युरीने पियानोवर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’नेच सुरुवात केली, संथ भाग गायला, मेचा गिटारचा तुकडा झाला, आणि ऑपेराच्या तोंडाशी आल्यावर बँड सरळ ‘रेडिओ गा गा’कडे वळला. असल्या दिवशी मिनिटभर रिकामा स्टेज दाखवणं कुणालाच परवडलं नसतं.